हितेशच्या गाडीचा बंपर

आमचे हे एकतीस वर्षं वाशिंदला एका प्लॅस्टिकच्या कंपनीत होते. गाड्यांचे बंपर, डॅशबोर्ड, दरवाजाच्या आतल्या पट्ट्या असला माल तिथं निघायचा, आणि निघालेला प्रत्येक नग शेवटी यांच्या टेबलावर यायचा. यांनी हिरवा टॅग बांधला की माल बाहेर. पिवळा बांधला की रीवर्क, म्हणजे परत घासायला. लाल बांधला की थेट भंगारात. नाव इंद्रजीत, पण अख्खी कंपनी यांना रीवर्कसाहेब म्हणायची. हे समजायचे, कौतुकानं म्हणतात. मी पण कधी सांगायला गेले नाय.

दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. यांनी उरलेल्या जुन्या टॅगचे तीन गठ्ठे पण मागून आणले. घरी आल्यावर घड्याळाच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि गळ्यातला हार सुकायच्या आत पॉलिश पेपर घेऊन बसले. तेव्हापासून आमच्या घरात खरखरीत असं काय राहिलेलं नाय. मगाचा कान, बादलीचा काठ, स्विचबोर्ड, माझ्या डब्याचं झाकण, सगळं साबणासारखं. मी अंगणवाडीत आहे. तिथल्या छोट्या खुर्च्या यांनी हौसेनं घरी आणून घासल्या, तर दुसऱ्या दिवसापासून पोरं बसली की घसरून खाली. मी म्हटलं, पहिल्यासारख्या करून द्या. दोन दिवस माझ्याशी बोलले नाय. मला तेवढीच शांतता.

तपासायची यांची एक पद्धत आहे. डोळे मिटायचे, डाव्या हाताच्या बोटांवर मऊ फडकं घ्यायचं आणि नगावरून हळू हात फिरवायचा. म्हणतात, डोळ्याला दिसत नाय ते फडक्यातून बोटाला लागतं. लागत असेल. माझ्या भाकरीला यांनी आयुष्यात कधी छान म्हटलेलं नाय. ‘चालेल’ म्हणतात. ‘चालेल’ म्हणजे यांचा हिरवा टॅग, हे कळायला मला लग्नानंतर चार वर्षं लागली, आणि तोवर मी रडायचं तेवढं रडून घेतलं.

आणि यांचा एक नियम. दोष माफ, लपवणारा माफ नाय. आमच्याच आळीतल्या एका माणसानं कंपनीत तडा गेलेला नग रंगाखाली झाकला होता, तो यांनी पकडला. त्याला चौदा वर्षं झाली. अजून तो समोरून आला की हे बाजूच्या बोळात वळतात. त्याच्या पोराच्या लग्नाला मी एकटी जाऊन आले, हे घरी पायरीवर बसून राहिले. लग्नात सगळ्यांनी मला विचारलं, साहेब कुठं. मी म्हटलं, गुडघा धरलाय.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते, की दीप्तीनं मला हितेशचं सांगितलं तेव्हा मी एवढी का घाबरले ते कळावं.

दीप्ती आमची एकुलती एक. मुरबाडला एका लॅबमध्ये रक्त तपासते, शहापूरहून रोज एसटीनं जाते. किन्हवलीच्या पुढं एकदा एसटी बंद पडली, आणि मागून आलेल्या एका जुन्या सिल्व्हर मोटारीनं दीप्तीला आणि बाजाराला निघालेल्या तीन बायकांना मुरबाडला सोडलं. मोटार हितेशची. मुरबाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, आपल्यातलाच आहे, घरी आई आणि मामा. दीप्तीनं हे मला चार महिन्यांनी सांगितलं. नियमवाल्या बापाची पोरगी, आणि चार महिने लपवून ठेवलेलं.

मी म्हटलं, पप्पांना विचारावं लागेल. ती म्हणाली, “पप्पांनी लाल दिला तर मी भांडणार नाय, आई. पण दुसरा बघणार पण नाय.” भांडून बोलली असती तर मी चार शब्द सुनावले असते. हिनं शांतपणे सांगितलं आणि भांडी घासायला गेली. दीप्तीचं मला माहीत आहे, ती एकदा शांत बोलली की तिथून हलत नाय. बापाचंच रक्त. तेव्हापासून माझा जीव टांगणीला.

मी यांना एवढंच सांगितलं, की मुरबाडचं एक स्थळ आलंय. आणि म्हटलं, उगाच खोलात शिरू नका. माझ्या बापानं तुमाला एकच विचारलं होतं, नोकरी पक्की का. तुमी म्हणालात पक्की, बापानं मान हलवली, ठरलं लग्न. तुमी पण तेवढंच विचारा.

पाहुणे रविवारी आले. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे झाले. हितेश उंच, काळासावळा, विचारलं तेवढंच बोलणारा. त्याची आई साधी बाई, मामा जरा ताठ. चहा आला तसा आमचे हे कप घेऊन उठले. गाडी उन्हात आहे का बघतो म्हणाले आणि बाहेर गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी खिडकीतून पाहिलं तर कप बोनेटवर, आणि हे गाडीच्या पुढं उकिडवे बसलेले, डोळे मिटून बंपरवरून हात फिरवतायत. बोटांवर मी पाहुण्यांसाठी काढलेला नवा रुमाल.

आत आले ते विचारतच आले, बंपर कोणी केला? हितेश म्हणाला, मीच. वासरू आडवं आलं म्हणून गाडी वळवली आणि बंपर रस्त्याकडेच्या दगडाला घासला. गॅरेजवाला म्हणाला नवीन टाक. हितेशला वाटलं, ओरखडे पडलेत, तुटला तर नाय, घरीच बघू करून. यांनी मग एकेक करून सांगितलं. ठोकळा न घेता नुसत्या बोटांनी घासलास, चार बोटांचे चार चर तसेच आहेत. डाव्या कोपऱ्यात रंग ओघळलाय. आणि घासायच्या आधी धुतला पण नसशील. हितेश म्हणाला, नाय धुतला.

मामांना राहवलं नाय. म्हणाले, साहेब, बंपरचं राहू द्या, पोराबद्दल काय ते बोला.

यांनी मामांकडं पाहिलं. “रीवर्क,” म्हणाले.

मामा उठून उभे राहिले. मीच मध्ये पडून सांगितलं, की बसा, रीवर्क म्हणजे नकार नाय, रीवर्क म्हणजे पिवळा, आमच्याकडं बऱ्याच गोष्टी पिवळ्या असतात. हितेशच्या आईनं बिचारीनं विचारलं, मग आता पोरानं काय करायचं? हे म्हणाले, बंपर काढून इथं ठेवायचा आणि दर रविवारी यायचं, बंपर पास झाला की बोलू. दीप्ती दाराआड उभी होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. हितेश म्हणाला येतो, आणि मामा हो-नाय करत होते तोवर त्यानं गाडीतून पाना आणला पण.

पाहुणे गेल्यावर मी यांना सोडलं नाय. लोक पोराचं घर बघतात, दारू पितो का विचारतात, तुमी बंपर बघितलात. आळीत काय तोंड दाखवू, बिनबंपरची गाडी घेऊन पाहुणे परत गेले म्हणून? आवाज अंगणापर्यंत गेला असेल, जाऊ दे. हे कपबशा पुसत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “नोकरी पक्की आहे असं काय, तोंडानं माणूस काय पण सांगतो. हातचं काम खोटं बोलत नाय.”

यावर माझ्याकडं बोलायला होतं. तोंडाशी आलं पण होतं. मी गिळलं आणि पोह्यांची कढई घासायला घेतली.

पहिल्या रविवारी हितेश सकाळी नऊला हजर. बंपर पडवीत दोन खुर्च्यांवर आडवा. आधी भांड्यांच्या साबणानं धुणं, मग फडक्यानं थिनर, मग जुना रंग घासून काढणं. यांनी माझी चप्पल उचलली, बरी होती अजून, सुरीनं तिच्या तळव्याचा चौकोनी तुकडा कापला आणि त्याच्याभोवती पेपर गुंडाळून हितेशच्या हातात दिला. म्हणे याच्यासारखा ठोकळा बाजारात मिळत नाय. मी त्या दिवशी अनवाणी दुकानात गेले.

दुसऱ्या रविवारी लांबी भरली, म्हणजे खड्डे बुजवायचं ते लुकण. वाळल्यावर पाणी घेऊन घासायचं, आधी दोनशेवीसचा पेपर, मग चारशेचा, मग आठशेचा. मध्येच यांनी माझ्या चुलीची काजळी आणली आणि अख्ख्या बंपरला फासली. हितेश बघत राहिला. हे म्हणाले घास. घासलं तसं सपाट होतं तिथलं काळं गेलं आणि खोलगट होतं तिथं काळं तसंच राहिलं. न दिसणारे अकरा खड्डे निघाले. हितेश म्हणाला, वा. यांनी तोंड फिरवलं, पण मी बघितलं, खूश झाले होते.

तिसऱ्या रविवारी करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर. तिन्ही रविवारी हे डोळे मिटून हात फिरवायचे आणि म्हणायचे, परत. हितेश परत घासायचा. तोंड वाकडं नाय, की कपाळाला आठी नाय. दीप्ती आत खिडकीशी मेथी निवडत बसायची, तीन तासांत एक जुडी. तिसऱ्या रविवारी दुपारी हे आपणहून म्हणाले, त्याला पाणी दे. मी आणि दीप्तीनं एकमेकींकडं पाहिलं. यांनी आपणहून कोणाला पाणी विचारणं म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

चौथ्या रविवारी रंग होता. शनिवारी दुपारी यांनी प्रायमरवरून शेवटचा हात फिरवला, ‘चालेल’ म्हणाले, आणि रंगाचे स्प्रेचे डबे आणायला आसनगावला गेले. मी अंगणवाडीतून आले तर पडवीत बंपर एकटाच.

आता मी काय केलं ते सांगते. तो करडा बंपर घासून घासून पांढुरका पडला होता, थंडीत आमच्या अंगणवाडीतल्या पोरांचे गुडघे असतात तसा. मला बघवेना. उद्या हा असला कोरडा नग यांच्यासमोर जाणार, आणि दीप्तीचं सगळं त्याच्यावर. आमच्याकडं कुठं जायचं असलं की मी आदल्या दिवशी स्कूटरच्या काळ्या प्लॅस्टिकला खोबरेल तेल चोळते. आळीत सगळ्याच बायका चोळतात, दोन दिवस नव्यासारखं दिसतं. मी आतून बाटली आणली. कढीपत्ता आणि कापूर घालून मी स्वतः कढवलेलं तेल, दीप्तीचे केस त्याच्यावर वाढलेत. बंपरला या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळलं. लेकराला चोळावं तसं, कोपऱ्यांत बोट घालून. अर्ध्या तासात सगळं पिऊन टाकलं त्यानं. मग हे यायच्या आत कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. मला वाटलं, चांगलं केलं.

रविवारी सकाळी हितेश आला. यांनी त्याला वरवर धूळ पुसायला सांगितलं. स्वतः परत हात लावला नाय, शनिवारी लावलेला म्हणून. डबा खडखड हलवला आणि त्याच्या हातात दिला. हितेशनं डावीकडून सुरुवात केली. रंग पडला, ओला, चकचकीत, माझा जीव भांड्यात पडला. आणि मग तो रंग जागोजाग फाकायला लागला. मोहरीएवढे गोल खड्डे, आधी दहा, मग शंभर, सगळीकडून रंग मागं सरकतोय आणि खालचा करडा दिसतोय. हितेश थांबला. हे वाकले. नाकानं एकदा श्वास घेतला.

मी दारात पोह्यांची ताटली घेऊन उभी होते. माझा हात तोंडावर गेला, आणि तो हितेशनं बघितला. माझ्याकडं बघितलं, बंपरकडं बघितलं, परत माझ्याकडं.

“माझ्या हाताला तेल होतं,” तो म्हणाला. “सकाळी डोक्याला लावलं, हात धुवायचे राहिले.”

त्याचं डोकं कोरडं ठणठणीत. मुरबाडपासूनची सगळी धूळ केसांत. यांनी त्या केसांकडं पाहिलं आणि आत गेले. मला कपाटाचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात दोरा आणि लाल टॅग. खिशातलं पेन काढून तारीख घालायला लागले.

दीप्ती खिडकीत होती. तिनं बापाकडं बघितलं नाय, हितेशकडं पण नाय. माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं.

आमच्या घरात चूक झाली तर ती माझी, असं मी लग्न झाल्यापासून एकदाही म्हटलेलं नाय. मीठ जास्त पडलं तर मिठाची चूक. पण त्या पोरीची नजर माझ्याच्यानं सहन होईना. मी ताटली खाली ठेवली आणि सांगितलं, तेल मी लावलं. काल. कोरडा दिसत होता म्हणून.

“माहीत आहे,” हे म्हणाले. पेन थांबलं नाय. “आपल्या कापराचा वास आहे. तेलाचं काय नाय, तेल घासून निघेल. पण ह्यानं लपवलं.”

मला राग आला. राग यांचा, राग स्वतःचा, सगळा एकदम. आणि जे एकोणतीस वर्षं गिळलेलं ते बाहेर आलं.

“मी पण लपवलंय,” मी म्हटलं. “माझ्या बापानं विचारलं, नोकरी पक्की का, तुमी म्हणालात पक्की. तुमी तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर होता. माझा मावसभाऊ मंगेश तुमच्याच गेटवर होता, त्यानं मला आदल्या दिवशीच सांगितलेलं. बाप माझ्या तोंडाकडं बघत होता आणि मी गप्प बसले.”

पेन थांबलं.

“का गप्प बसलीस?” हे म्हणाले.

“मला तुमीच पायजे होता म्हणून.”

हे पायरीवर बसले. त्या तडा झाकणाऱ्याच्या पोराच्या लग्नाला बसले होते त्याच पायरीवर. पोहे थंड झाले. नोकरी पक्की झाली ती लग्नानंतर दोन वर्षांनी, त्या दिवशी पेढे घेऊन आले होते आणि पेढे कशाचे ते मला सांगितलं नव्हतं. मी पण विचारलं नव्हतं. मग उठले, टॅग घेऊन आत गेले आणि रिकाम्या हातानं बाहेर आले.

“दोनशेवीसचा घे,” हितेशला म्हणाले. “सगळा खाली आण.” आणि मला म्हणाले, “तू पण बस.”

मी बसले. चपलेचा दुसरा तळवा कापून मला ठोकळा मिळाला. उरलेला तो रविवार आणि पुढचे दोन, मी एका टोकाला, हितेश दुसऱ्या. आमच्यात फार बोलणं नव्हतं. एकदा मी हळूच म्हटलं, कशाला रे खोटं बोललास. तो म्हणाला, तुमचा हात तोंडावर गेला होता, आई. आणि घासत राहिला. मी पदरानं डोळे पुसले, त्याला वाटलं असेल धूळ गेली. हे तपासायला यायचे तेव्हा हितेशच्या बाजूला ‘चालेल’ म्हणायचे आणि माझ्या बाजूला ‘परत’.

लाल टॅग कुठं गेला ते मला त्याच दिवशी न्हाणीघरात कळलं. तेलाच्या बाटलीच्या गळ्यात बांधला होता, तारीख घालून, सही करून.

सातव्या रविवारी रंग बसला. एक खड्डा नाय, एक ओघळ नाय. हितेशची आई आणि मामा आले होते. यांनी त्यांच्यासमोर डोळे मिटून डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत हात फिरवला, परत फिरवला, आणि हिरवा टॅग काढला. पण बंपरला बांधला नाय, हितेशच्या हातात दिला. मामांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. नग, हितेश. दोष, एक, सासूला पाठीशी घालतो. निर्णय, दोषासह पास. मामा म्हणाले, म्हणजे होकार का? मी म्हटलं, यापेक्षा मोठा होकार एकतीस वर्षांत कोणाला मिळालेला नाय, पेढे काढा. दीप्ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, मग मोरीत जाऊन तोंड धुवून आली. लग्न विहारात करायचं ठरलं, मे महिन्यात.

बंपर बसवून पाहुणे गेले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत हे तिच्याकडं बघत उभे होते. मी आत भांडी घेऊन बसले. जरा वेळानं हे आले आणि ओट्यावर एक टॅग ठेवला, हिरवा. त्यांचं बारीक, सरळ अक्षर. नग, इंद्रजीत. दोष, नोकरी कच्ची होती, लपवली. निर्णयाची जागा कोरी. शेजारी पेन ठेवलं आणि उभे राहिले, कंपनीत कामगार यांच्या टेबलासमोर उभे राहायचे तसे, हात मागं बांधून.

मी हात पुसले. घाई केली नाय, मला पण तपासायचा हक्क आहे. ओलं बोट लागून कागद जरा भिजला. मग मी निर्णयाच्या जागी ‘चालेल’ लिहिलं आणि पेन त्यांना परत दिलं.